उजळणी: पाठ असण्याचा एक छोटा इतिहास

गणितातली सूत्रं आणि रसायनशास्त्रातली समीकरणं लक्षात कशी ठेवायची, हा प्रश्न दरवर्षी परीक्षेच्या तोंडावर घरोघरी विचारला जातो. त्याला ठरलेली दोन उत्तरं मिळतात. कुणी म्हणतं, पाठ कर. कुणी म्हणतं, पाठ करू नकोस, समजून घे. ही दोन उत्तरं एकमेकांच्या विरुद्ध आहेत असं आपण धरून चालतो. पुढे संशोधनाच्या तयारीला लागलो, शिक्षणाच्या इतिहासावर काही लिहायला बसलो, की हीच वाटणी आपण मागच्या काळावर लावतो: जुनी शाळा म्हणजे घोकंपट्टी आणि आधुनिक शाळा म्हणजे आकलन. प्रस्तावनेत हे वाक्य लिहायला फार सोपं असतं. पण कागदपत्रं उघडून बसलात की ते फार वेळ टिकत नाही. का टिकत नाही, ते या लेखात सांगायचं आहे.

सुरुवात एका शब्दापासून करू. उजळणी. आज आपण तो ‘रिव्हिजन’ या अर्थानं वापरतो. पण आजी-आजोबांच्या पिढीतल्या कुणाला विचारलंत तर ‘उजळणी म्हणणं’ म्हणजे पाढे म्हणणं. उजळणं म्हणजे घासून लख्ख करणं, जसं तांब्याचं भांडं चिंचेनं उजळतो तसं. म्हणजे वस्तू आधीच घरात आहे, फक्त तिच्यावर काजळी धरली आहे. पाठांतर या शब्दात जो कंटाळा आज भरला आहे, तो या शब्दात नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या गावांत ज्या शाळा होत्या त्यांना आपण पंतोजींची शाळा म्हणतो. पंतोजींची ओसरी, एखादं देऊळ किंवा गावातल्या बऱ्या माणसाच्या वाड्यातली जागा. छापील पुस्तक नाही. लाकडी फळीवर धूळ पसरून त्यावर अक्षरं आणि आकडे गिरवायचे, ती धूळपाटी. संध्याकाळी परवचा: मुलं रांगेत उभी राहणार, एक जण सांगणार, बाकीचे मोठ्यानं म्हणणार. तीसपर्यंतचे पाढे तर असतच, पण खरी गंमत त्यांच्या पुढे होती. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन यांचे पाढे. ‘औट’ म्हणजे साडेतीन. ‘औटघटकेचा राजा’ आपण आजही म्हणतो, पण ती घटका नेमकी किती ते मोजत नाही.

आता तुम्ही विचाराल, साडेतीनचा पाढा कशाला पाठ करायचा? इथेच थांबून थोडा हिशोब करू, कारण इतिहासात ‘कशाला’ हा प्रश्न सोडला की उरते ती घोकंपट्टीच.

रुपयाचे १६ आणे. आण्याचे ४ पैसे. जिथे ४० शेरांचा मण चालत असे तिथलं एक उदाहरण घ्या. ज्वारीचा भाव मणाला ५ रुपये आहे आणि तुम्हाला साडेसात शेर हवी आहे. आजच्या पद्धतीनं करायला गेलात तर ५ रुपयांचे ८० आणे, भागिले ४०, गुणिले साडेसात. उत्तर १५ आणे. बाजारातला माणूस असं करणार नाही. ४० ला १६ नं भागलं की अडीच येतात. म्हणून मणाला जितके रुपये भाव, तितकेच आणे अडीच शेरांना. भाव ५ रुपये मण, तर अडीच शेरांचे ५ आणे. साडेसात म्हणजे अडीच तीनदा, म्हणून १५ आणे. कागद नाही, पेन्सिल नाही. अडीचकी तोंडात असलेल्या मुलाला साडेसात, साडेबारा, साडेसतरा हे आकडे पाहताक्षणी अडीचच्या घरातले म्हणून ओळखू येतात. सुट्टे आकडे त्याला दिसतच नाहीत.

तुम्ही करून बघा. भाव ७ रुपये मण, माल साडेबारा शेर. उत्तर तोंडी आलं तर अडीचकी तुमच्याही कामाला आली म्हणायची. (३५ आणे, म्हणजे दोन रुपये तीन आणे.)

यात पाठांतर कुठलं आणि आकलन कुठलं, ते वेगळं काढून दाखवा. मला तरी जमत नाही. पाढा पाठ नसेल तर युक्ती चालत नाही, आणि युक्ती कळली नसेल तर पाढा नुसता आवाज आहे. स्मरणाला इथे रोजचं काम होतं. बाजार ते करून घेत असे, आणि चूक झाली तर ती त्याच संध्याकाळी गल्ल्यात दिसत असे.

मग या शाळांना ‘नुसती घोकंपट्टी’ हे बिरूद चिकटलं कसं? १८२० च्या दशकात मुंबई सरकारनं जिल्ह्याजिल्ह्यांतून देशी शाळांची माहिती मागवली. रा. वि. परुळेकरांनी पुढे ती उत्तरं संपादित करून प्रसिद्ध केली, आणि या विषयावर काम करायचं असेल तर तो संग्रह टाळता येत नाही. तो वाचताना एक गोष्ट सतत लक्षात ठेवा. लिहिणारा माणूस अधिकारी आहे. शाळेत पुस्तक नाही, हे त्याला दिसतं. मुलं एका सुरात ओरडतायत, हे त्याला ऐकू येतं. पण त्या मुलाला बाजारात उभं केल्यावर तो काय करतो, हे बघायला तो थांबत नाही. ‘मुलांना अर्थ कळत नाही’ असं वाक्य कुठल्याही अहवालात सापडलं तर ते तुमच्या टिपणवहीत ‘पुरावा’ या मथळ्याखाली उतरवण्याआधी विचारा: या माणसानं अर्थ कळतो की नाही हे कसं तपासलं?

याच प्रश्नावर तमिळ प्रदेशाबद्दल सेंथिल बाबू यांनी फार मोलाचं काम केलं आहे. तिथल्या शाळांचं नावच ‘तिण्णै’, म्हणजे ओटा. आपली ओसरी आणि त्यांचा ओटा, फारसा फरक नाही. त्या शाळांत ‘एण्चुवडी’ नावाच्या अंकांच्या पोथ्या असत, आणि त्यांतली कोष्टकं मुलं ऐकून, म्हणून, लिहून पक्की करत. सेंथिल बाबूंचं म्हणणं असं, की या शाळांत स्मरण ही शिकण्याचीच रीत होती, आणि ती मोजणी, धान्य, जमीन अशा व्यवहारातल्या प्रश्नांना बांधलेली होती. वसाहतीच्या शाळेत पुस्तक आणि परीक्षा आली तेव्हा ती दोरी तुटली, आणि उरलं ते आपण ज्याला घोकंपट्टी म्हणतो ते.

ही दोरी कशी तुटली याचा एक धागा इंग्लंडमध्ये सापडतो. १८६२ च्या रिव्हाइज्ड कोडनं तिथल्या शाळांचं अनुदान निरीक्षकानं घेतलेल्या परीक्षेच्या निकालाला बांधलं. ‘निकाल बघून अनुदान’ ही कल्पना मुंबई इलाख्यातही आली. निरीक्षक वर्षातून एकदा येणार, ठरावीक प्रश्न विचारणार, आणि त्या उत्तरांवर मास्तरांचा पगार अवलंबून राहणार. अशा वेळी मास्तर काय करतील? तुम्ही केलं असतंत तेच. गंमत अशी, की घोकंपट्टी मोडायला निघालेल्या व्यवस्थेनंच तिला पगारी केलं.

हे वाचून ‘बघा, आपले पूर्वज किती पुढे होते’ असं म्हणण्याचा मोह होत असेल तर जरा थांबा. ही उजळणी कुणाच्या तोंडात होती? प्रामुख्यानं ब्राह्मण, वाणी, सोनार अशा हिशोब आणि कारकुनी करणाऱ्या घरांतल्या मुलांच्या. मुली जवळजवळ नाहीतच. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना ओसरीवर चढायलाच मज्जाव. आणि हिशोब न येण्याची किंमत नुसती नापास होण्याइतकी स्वस्त नव्हती. व्याज दरमहा दरशेकडा सांगितलं जायचं. शेकड्याला २ रुपये म्हटलं की कानाला थोडंच वाटतं. वर्षाचे २४ होतात. ज्याला पाऊणशे रुपयांचं पाच महिन्यांचं व्याज तोंडी काढता येतं, त्याला सावकारानं साडेसातच्या जागी दहा सांगितले तर कळतं. ज्याला येत नाही तो अंगठा उमटवतो. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले. पुढे अनेक गावांत पसरलेल्या या दंग्यांत लोकांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावून घ्यायचे आणि जाळायचे. हा कागद आपल्याला वाचता येत नाही, पण तो आपली जमीन नेतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

म्हणून १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुले प्राथमिक शाळेत काय शिकवावं हे सांगतात, तेव्हा त्या यादीत मोडी आणि बालबोध वाचन-लेखनाबरोबर हिशोब आहे, आणि शेतीचं प्राथमिक ज्ञानही आहे. फुल्यांच्या या यादीला अनेक जण ‘व्यावहारिक शिक्षण’ असं नाव देऊन पुढे जातात. मला ती त्याहून धारदार वाटते. जे स्मरण काही घरांची मालमत्ता होतं, ते सगळ्यांच्या मुलांना द्या, अशी ती मागणी आहे.

उजळणीचा शेवट मात्र कुठल्या शैक्षणिक सुधारणेनं झाला नाही, तो नाण्यांनी झाला. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, रुपयाचे १०० नवे पैसे झाले. त्याआधीच्या वर्षीच्या कायद्यानं मेट्रिक वजनमापांचा रस्ता मोकळा झाला होता आणि पुढच्या काही वर्षांत शेर-मण बाजारातून गेले. ४० भागिले १६ ला काही अर्थच उरला नाही. औटकीचं काम गेलं, आणि काम गेल्यावर ती एका पिढीत विसरली गेली. ‘सोळा आणे खरं’ एवढं तेवढं भाषेत राहिलं.

रसायनशास्त्रात हीच गोष्ट उलट्या बाजूनं दिसते. तिथे आधी स्मरणावर असह्य ओझं होतं आणि ते उतरवण्यासाठी माणसांनी शास्त्राची भाषाच बदलली. हे घडलं पॅरिस आणि सेंट पीटर्सबर्गमध्ये, पण ओझं कसलं होतं ते समजायला आपलं काष्टौषधींचं दुकान पुरेसं आहे.

तिथली नावं घ्या. मोरचूद, हिराकस, तुरटी, नवसागर, सोरा. मोरचूद निळंशार. हिराकस हिरवट, ते शाई करायला लागे. तुरटीनं पाणी निवळतं, नवसागर कल्हईला लागतो, सोरा दारूगोळ्याला. प्रत्येक नावामागे रंग, चव किंवा उपयोग आहे, आणि त्या अर्थानं ही नावं चांगलीच आहेत. पण मोरचूद, हिराकस आणि तुरटी यांच्यात नातं काय, हे नावांवरून कळतं का? तिन्ही सल्फेटं आहेत. एकात तांबं, एकात लोखंड, तिसऱ्यात ॲल्युमिनियम आणि पोटॅशियम. नाव ते सांगत नाही, म्हणून प्रत्येक पदार्थ सुटा सुटा लक्षात ठेवावा लागतो. पन्नास पदार्थ असेपर्यंत हे चालतं. अठराव्या शतकाच्या शेवटी युरोपात पदार्थ शेकड्यांनी झाले होते आणि नावं अशीच होती: अँटिमनीचं लोणी, जस्ताची फुलं, गंधकाचं यकृत.

१७८७ साली गितों द मोर्व्हो, लाव्हॉझिए, बर्थोले आणि फूरक्र्वा या चौघांनी मिळून रासायनिक नामकरणाची नवी पद्धत छापली. त्यांचा नियम साधा होता: पदार्थ ज्यांपासून बनला आहे ते नावात दिसलं पाहिजे. लाव्हॉझिएनं १७८९ च्या आपल्या पाठ्यपुस्तकाच्या प्रस्तावनेत जुन्या नावांबद्दल जी तक्रार केली ती कुठल्याही दहावीच्या मुलाची वाटेल. ही नावं लक्षात ठेवायला फार सराव आणि फार स्मरणशक्ती लागते, आणि वर ती चुकीची समजूत करून देतात. खनिजांच्या जगात ना लोणी असतं ना फुलं, आणि ज्यांना ही नावं दिली आहेत ते बहुतेक जहाल विष आहे. ही प्रस्तावना जरूर वाचा. शास्त्राचं पुस्तक विद्यार्थ्याच्या डोक्यावरच्या ओझ्याचा इतक्या गांभीर्यानं विचार करतंय, असं क्वचित दिसतं.

नव्या पद्धतीत मोरचूद कॉपर सल्फेट होतं आणि हिराकस आयर्नचं सल्फेट. आता दोन नावं पाठ करायची नाहीत. एक धातू, एक आम्ल आणि जोडायची रीत लक्षात ठेवायची. दहा धातू आणि दहा आम्लं आली की शंभर क्षारांची नावं न घोकता बनवता येतात. पाढ्यासारखंच आहे हे, फक्त इथे कोष्टक नावांच्या आत लपलेलं आहे.

मराठीत ही रीत आणायचा प्रयत्नही झाला. जुन्या पाठ्यपुस्तकांतला ‘कर्बद्विप्राणिद वायू’ आठवतो? त्यावर पुष्कळ विनोद झाले. पण मराठी मुलाला त्या नावातला ‘द्वि’ आणि ‘प्राण’ लगेच ऐकू येतो: एक कर्ब, दोन प्राणवायू. ‘कार्बन डायऑक्साइड’मध्येही नेमकं तेच सांगितलंय, पण ‘डाय’ म्हणजे दोन हे कुणी सांगितलं नाही तर ते नाव त्या मुलासाठी पुन्हा मोरचूदच. मी जुन्या परिभाषेकडे परत जा म्हणत नाही, तो काळ गेला. अशा तुकड्यांचे अर्थ शिकवायला एक तास द्यावा, इतकंच. मोनो, डाय, ट्राय, -ाइट, -ेट. हा तास बहुतेक शाळांत होत नाही, आणि त्यापायी पुढची तीन वर्षं रसायनशास्त्र पाठांतराचा विषय म्हणून बदनाम होतं.

या पद्धतीची एक अडचणही सांगायला हवी. नावात सिद्धांत भरला की सिद्धांताची चूकही नावात राहते. लाव्हॉझिएला वाटलं, प्रत्येक आम्लात तो नवा वायू असतोच. म्हणून त्यानं त्याला आम्ल निर्माण करणारा या अर्थाचं ऑक्सिजन हे नाव दिलं. १८१० साली हम्फ्री डेव्हीनं दाखवलं की क्लोरीनमध्ये ऑक्सिजन नाही, ते मूलद्रव्यच आहे. मग हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन कुठून येणार? सिद्धांत गेला, नाव राहिलं.

मेंडेलीव्हची गोष्ट तुम्हाला माहीत आहे, पण बहुधा स्वप्नासकट. त्याला झोपेत आवर्तसारणी दिसली, ही कथा इतरांच्या आठवणींतून आली आहे. अशी कथा भेटली की कुणी, केव्हा सांगितली ते आधी बघायचं. कागदावर जे दिसतं ते स्वप्नापेक्षा मजेदार आहे. १८६७ मध्ये मेंडेलीव्ह सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि विद्यार्थ्यांना द्यायला चांगलं रशियन पुस्तक नाही म्हणून स्वतः लिहायला बसला. तेव्हा ६३ मूलद्रव्यं ज्ञात होती. इतिहासकार मायकेल गॉर्डिन यांनी दाखवलं आहे की पहिला खंड संपला तेव्हा त्यात त्यानं जेमतेम आठ मूलद्रव्यांचं सविस्तर वर्णन केलं होतं. उरली ५५, आणि हातात फक्त एक खंड.

म्हणजे त्याची अडचण तुमच्यासारखीच होती: पोर्शन उरलाय आणि जागा नाही! एकेक मूलद्रव्य सुटं सांगत बसलं तर पुस्तक संपणारच नव्हतं. गट पाडून, एकावरून दुसऱ्याचे गुणधर्म सांगता येतील अशी मांडणी त्याला हवी होती. अणुभारांच्या क्रमानं लावत, गुणधर्म जिथे पुन्हा येतात तिथे नवी ओळ सुरू करत त्यानं १८६९ च्या सुरुवातीला आपली सारणी छापली. पाठ्यपुस्तकातली सोय म्हणून सुरू झालेल्या कामातून निसर्गाचा नियम निघाला. थोडं आधी इंग्लंडमध्ये न्यूलँड्सनं अशीच पुनरावृत्ती मांडली होती, तेव्हा सभेत त्याला विचारलं गेलं होतं की मूलद्रव्यं इंग्रजी वर्णाक्षरांच्या क्रमानं लावून पाहिलीत का.

सारणी म्हणजे नुसती यादी नव्हे, हे रिकाम्या जागांनी सिद्ध केलं. मेंडेलीव्हनं काही घरं मोकळी सोडली आणि तिथे येणाऱ्या मूलद्रव्यांचे गुणधर्म सांगितले. सिलिकॉनच्या खालच्या घराला त्यानं एका-सिलिकॉन म्हटलं आणि अणुभार ७२ च्या आसपास, घनता ५.५ सांगितली. १८८६ मध्ये विंक्लरला जर्मेनियम सापडलं: अणुभार ७२ च्या थोडा वर, घनता ५.३ ते ५.५ च्या दरम्यान. त्याआधी १८७५ मध्ये गॅलियम आणि १८७९ मध्ये स्कँडियम आलं होतं. ‘एका’ हा उपसर्ग संस्कृत ‘एक’वरून, हे खरं आहे. तेवढ्यावरून ‘आवर्तसारणी पाणिनीकडून घेतली’ इतकी लांब उडी मारायची असेल तर पुरावा दाखवावा लागेल, आणि फॉरवर्ड आलेला मेसेज हा पुरावा नाही.

आता ही सारणी शाळेत कशी येते बघा. भिंतीवर तयार तक्ता. पहिल्या गटातली नावं लक्षात राहावीत म्हणून क्लासमध्ये हिंदी सिनेमाच्या थाटाचं एक वाक्य. वाक्य पाठ होतं, क्रमही पाठ होतो, आणि सोडियमखाली पोटॅशियम का, तो पाण्यात टाकल्यावर जास्त का भडकतो, हे कुठेच राहत नाही. ५५ मूलद्रव्यांचं ओझं उतरवायला बनवलेलं साधन आपण आता स्वतंत्र ओझं म्हणून उचलतो. मला विचाराल तर शाळेतल्या घोकंपट्टीचा खरा उगम इथे आहे: कुणाच्या तरी प्रश्नाचं उत्तर म्हणून बनलेली गोष्ट प्रश्न काढून टाकून देणं.

ते वाक्य पाठ करण्याऐवजी कोरा कागद घ्या. पहिली वीस मूलद्रव्यं आठवून घरात भरा, मग चार घरं पुसा आणि शेजाऱ्यांवरून तिथे काय असेल, संयुजा किती, ऑक्साइडचं सूत्र काय, ते लिहा. पुस्तक त्यानंतर उघडा.

‘आठवून’ या शब्दावर मी मुद्दाम भर देतोय, आणि त्याचाही इतिहास आहे. १८८५ साली हेर्मान एबिंगहाउसनं स्मरणावरचं पहिलं मोठं प्रायोगिक पुस्तक छापलं. प्रयोगात एकच माणूस, तो स्वतः. त्यानं सुमारे २३०० निरर्थक अक्षरगट बनवले आणि त्यांच्या माळा पाठ करून, ठरावीक वेळानं पुन्हा पाठ करायला किती कमी श्रम पडतात ते मोजलं. २० मिनिटांनी ५८ टक्के बचत, एका दिवसानं सुमारे ३४, महिन्यानं २१. हाच तो विस्मरणाचा आलेख, जो क्लासच्या भिंतीवर ‘महिन्याभरात तुम्ही ८० टक्के विसरता’ अशा धमकीसह लावलेला असतो. तो लावणाऱ्यांना विचारा, काय विसरता? त्यानं अर्थ मुद्दाम काढून टाकला होता, कारण त्याला निखळ स्मरण मोजायचं होतं. त्याच पुस्तकात तो बायरनच्या ‘डॉन जुआन’मधली कडवीही पाठ करतो, आणि तिथे त्याला सुमारे एक दशांश श्रम पडतात. भिंतीवर हा आकडा कुणी लावत नाही. एकाच दिवशी ६८ वेळा घोकून जे साधलं ते तीन दिवसांत वाटून ३८ वेळांत साधलं, हाही आकडा त्याचाच. परवचा रोज संध्याकाळी का, याचं इतकं नेमकं उत्तर पंतोजींनीही दिलं नसतं.

पुढचा टप्पा २००६ चा. रोडिगर आणि कार्पिके यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटानं तो चार वेळा वाचला. दुसऱ्यानं एकदा वाचला आणि तीनदा पुस्तक मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर वाचणारे पुढे: ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानं घेतली तर उलट: वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१. आणि आपल्याला पुढे किती आठवेल, असं विचारलं तेव्हा जास्त खात्री वाचणाऱ्यांनाच होती. नेट-सेटच्या नोट्सवर तिसऱ्यांदा हायलायटर फिरवताना येतो तो विश्वास हाच.

गणिताबद्दल २००७ चा रोहरर आणि टेलर यांचा प्रयोग आहे. चार प्रकारच्या घनाकृतींचं घनफळ काढायचं. एका गटाला एका प्रकारची सगळी उदाहरणं सलग, मग दुसऱ्या प्रकारची. दुसऱ्या गटाला सगळी सरमिसळ. सरावाच्या वेळी सलगवाल्यांची ८९ टक्के बरोबर, सरमिसळवाल्यांची ६०. आठवड्यानंतर सलगवाले २० टक्क्यांवर, सरमिसळवाले ६३ वर. कारण उघड आहे: सलग गणितं सोडवताना कुठलं सूत्र वापरायचं हे ठरवावंच लागत नाही, ते आधीच्या गणितानं ठरवलेलं असतं. आपल्या पाठ्यपुस्तकातला सरावसंच बहुतांशी सलग असतो. प्रकरणाच्या शेवटी ‘संकीर्ण प्रश्नसंग्रह’ येतो, नाव अगदी बरोबर, पण तो त्याच प्रकरणापुरता संकीर्ण. भूमितीत मधेच बीजगणित येत नाही. घरी कुणी आडवेतिडवे पाढे विचारायचं, ‘तेरा साते?’ आणि लगेच ‘सतरा चोक?’, तेव्हा ती सरमिसळ आपोआप होत असे.

संशोधनासाठी विषय शोधत असाल तर एक काम सुचवतो. बाजारात अजूनही अंकलिपी मिळते, दहा-वीस रुपयांची, आणि बऱ्याच अंकलिप्यांत पावकी-निमकी अजून छापलेली असते. रद्दीच्या दुकानांतून, घरच्या माळ्यावरून अशा जुन्या-नव्या प्रती जमवा. कुठल्या प्रतीत औटकी आहे आणि कुठल्यात गळली, आण्यांचं कोष्टक नव्या पैशांनंतरही किती वर्षं छापत राहिले, उदाहरणांतली ज्वारी कधी जाऊन तिथे वह्या-पेन्सिली कधी आल्या, ते नोंदवा. प्रकाशनाचं साल नसेल तर किंमत बघा. आणि पानावर कुणी पेन्सिलीनं खुणा केल्या असतील तर त्या खोडू नका.